घरची पावलं

सतरा नंबर काल गोठ्याच्या मागे होता. परवा विहिरीपाशी, त्याआधी बांधावर, त्याआधी घेवड्याच्या शेतात. रोज एकेक टप्पा घराकडे. आज बारा वाजता तो कुठे असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणूनच थोरल्यानं कारखान्याला सुट्टी देऊन अख्ख्या घराला सकाळीच यंत्रखोलीत गोळा केलं होतं.

"खुंटी चालत नसते," थोरला म्हणाला. "निदान एवढं तरी सगळे मान्य करू या."

"मग काल ती गोठ्यापाशी उडत आली का रे दादा?" नणंद म्हणाली. ती तीन दिवसांपूर्वी सासरहून आली होती आणि आल्यापासून नीट झोपली नव्हती.

मधली सून नेहमीप्रमाणे यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली होती आणि काचेवरची वाफ पदरानं पुसत होती. बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं. शेतात कुठेतरी पाण्याची झडप आपोआप उघडली, पाणी सुटल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं आपोआप थांबला. रोजचाच आवाज, पण आज सगळ्यांनी माना वर केल्या.

ही खुंटी म्हणजेच या घराचं अन्न. हातभर लांबीची पोलादी नळी, डोक्यावर बोटभर तार. जमिनीत ठोकली की मातीची ओल सांगते, ऊब सांगते, पाणी कधी सोडायचं ते सांगते, आणि जवळून कुणी गेलं तर त्याची पावलं ऐकते. हे शेवटचं काम तिचं मूळचं. घरचे कर्ते मेजर आणि त्यांचे बिनतारी यंत्र चालवणारे दोस्त, ज्यांना सगळे बिनतारीच म्हणत, फौजेत होते तेव्हा अशाच खुंट्या पुरून रात्र रात्र शत्रूची पावलं ऐकत बसायचे. नोकरी संपल्यावर दोघांनी विचार केला, रानडुक्करही शत्रूच की! मेजरनी सासऱ्याकडून आलेली जमीन दिली, बिनतारींनी डोकं दिलं, आणि अवजारांच्या या खोलीतून धंदा सुरू झाला. आता कारखान्यात तीस माणसं होती. त्यांतली वीस फौजेतून आलेली. एकाला एकच हात, पण तारा जोडायला डाग लावण्यात दोन हातवाल्यांना लाजवील असा.

घरच्या शेतात चाळीस खुंट्या, आणि चाळिसांना नावं. मेजरनी आपल्या तुकडीतल्या माणसांचीच दिली होती: पहिलवान, शिट्टी, उंदीर, गवई. त्यामुळे या घरात "गवयाच्या मुळाशी बुरशी आलीय" किंवा "उंदराला कालपासून पाणी नाही" अशी वाक्यं जेवताना सहज बोलली जात. नवखा पाहुणा आ वासून बघत राही.

सतरा नंबरचं नाव मधला.

मेजरच्या मधल्या मुलानं, म्हणजे या स्टुलावर बसलेल्या बाईच्या नवऱ्यानं, शेवटच्या रजेत ती स्वतःच्या हातानं नदीकाठी ठोकली होती. रजा संपवून तो गेला आणि पंधराच दिवसांनी धुक्यातून एका नदीपार गस्तीला निघाला. पाच गेले, चार आले. त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर तीन वर्षांनी आपल्या नदीला पूर आला, सतरा नंबर हातभर गाळाखाली गेला आणि गप्प झाला. तशीही तिची बॅटरी संपतच आली होती.

दुसऱ्या कुठल्या घरानं वहीतून तो नंबर खोडला असता. पण मेजरचा नियम होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव खोडायचं नाही. रोज बारा वाजता हजेरी व्हायची. नाव पुकारायचं, कळ दाबायची, खुंटीनं 'टक्' केलं की हजर. नाही केलं तर तीनदा पुकारायचं, दरवेळी दहा आकडे मोजायचे, आणि वहीत लिहायचं, 'गैरहजर, शोध चालू'. मेजरच्या कमरेतली जुनी गोळी त्रास देऊ लागली तेव्हापासून पुकारायचे बिनतारी आणि लिहायची मधली. सहा वर्षं. सहा वर्षं रोज भर दुपारी तिनं नवऱ्याचं नाव तीन वेळा ऐकलं होतं, आणि त्यानंतरची शांतता तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती.

उद्या फौजेच्या कचेरीतून अधिकारी येणार होता. नऊ वर्षांत माणसाची काही खबर नाही, असं घरातल्या सगळ्यांनी सही करून दिलं की तो मृत ठरणार होता आणि मधली मोकळी होणार होती. गुरांच्या डॉक्टरानं तिला दोन वर्षांपूर्वी लग्नाचं विचारलं होतं. "कागद झाला की सांगते," असं तिनं उत्तर दिलं होतं, आणि तो भला माणूस अजून थांबला होता. ती छत्तीस वर्षांची होती. तिला तो कागद हवा होता. तिला ते बोलायची लाज वाटत असे, पण हवा होता.

आणि अकरा दिवसांपूर्वी सतरा नंबरनं 'टक्' केलं.

"पहिले सात दिवस तो जागेवरच होता," बिनतारी म्हणाले. शब्दाला भाडं पडत असावं इतकं मोजून ते बोलत. "नदीकाठी. ऊब नऊ. गाळाला असते तेवढी."

"आणि मग?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मग पस्तीस."

"मातीला थंडीच्या दिवसांत पस्तीस ऊब असते का हो काका?"

"नसते."

"मग कशाला असते?"

बिनतारींनी चष्मा काढून पुसला. नणंदेनं मात्र ताडकन सांगितलं, "माणसाच्या अंगाला असते, वहिनी. सात दिवस तो थंड होता, मग बाहेर निघाला आणि ऊब आली. तुम्ही खुशाल सह्या करा. मी करणार नाही. माझा भाऊ घरी येतोय आणि तुम्ही त्याला दारातच मारताय."

"अगं, तो हरवला दुसऱ्या नदीत, ती शेकडो कोस लांब," थोरला म्हणाला. "हा आपला ओढा म्हणावा एवढा प्रकार. कुणीतरी चेष्टा करतंय. कारखान्यातला कुणीतरी."

"पावलं कुठायत मग?" जाऊबाई म्हणाल्या. काल संध्याकाळपर्यंत त्या सहीच्या बाजूच्या होत्या. गोठ्याचं ऐकल्यापासून डळमळल्या होत्या. "चेष्टा करणारा काय हवेतून येतो? नदीपासून इथवर वीस खुंट्या. मांजर गेलं तरी घंटा वाजते. चार दिवसांत एकदा तरी वाजली का?"

सगळ्यांनी दारावरच्या पितळी घंटेकडे पाहिलं. हे खरं होतं. खुंटी चालत होती आणि पावलं नव्हती. थोरल्यानं चहा ओतून घेतला आणि तो गार झालाय हे प्यायल्यावर त्याच्या लक्षात आलं.

कोपऱ्यात सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मेजर, अंगात जाड कोट, काठी गुडघ्यांत. साडेअकराला ते फेरीसाठी उठू लागले तसा थोरला म्हणाला, "मेजर, आज फेरी नाही. आज सगळे इथेच." घरात त्यांना पोरंबाळंही मेजरच म्हणत. मेजर क्षणभर उभेच राहिले, मग हळूच बसले. मुलाचा हुकूम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असेल, असं मधलीला वाटून गेलं.

बाराला बिनतारींनी वही उघडली.

"एक. पहिलवान."

टक्.

"दोन. शिट्टी."

टक्.

धुकं खिडकीला चिकटून होतं. एकेक नाव जात होतं आणि शेतातून एकेक उत्तर येत होतं. ती फौजेतली माणसं कुठे कुठे मेली होती हे मधलीला ठाऊक होतं, मेजरनी सांगितलं होतं. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आज मात्र उंदीर म्हटल्यावर टक् झालं आणि तिच्या अंगावर काटा आला.

"सोळा. गवई."

टक्.

बिनतारी थांबले. "सतरा," ते म्हणाले. "मधला."

तिनं कळ दाबली.

टक्.

पडद्यावर ऊब आली, छत्तीस. मग शेतातल्या, खुंटीची हाक पकडणाऱ्या तीन खांबांच्या तीन रेघा सरकत सरकत एका ठिकाणी मिळाल्या. मधलीनं ते ठिकाण पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ती वाचायला तयार होईना तेव्हा बिनतारींनीच वाचलं.

"यंत्रखोली."

जाऊबाईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. भावाला घरात घ्या म्हणून तीन दिवस भांडणारी नणंद उठून दाराशी गेली आणि कडीला हात घालून उभी राहिली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तो पाठीशीही नव्हता, खोलीतच होता. थोरला टेबलाखाली वाकून बघू लागला. सात माणसं सात खुर्च्यांकडे बघत होती, आठवी कुठे दिसते का म्हणून.

"कोण आहे?" थोरला म्हणाला, आणि आपण कुणाला विचारलं हे कळून गप्प झाला.

मधली घंटेकडे बघत होती. भीती तिलाही वाटत होती, पण सहा वर्षं या यंत्रासमोर काढलेली ती बाई होती. यंत्र खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं. ते फक्त सगळं बोलत नाही. गोठ्यापासून इथवर सहा खुंट्या. त्यांनी पावलं ऐकली नाहीत असं नसेल. ऐकली असतील आणि सांगितली नसतील. कुणाची पावलं खुंट्या सांगत नाहीत?

"काका," ती म्हणाली, "घरची पावलं उघडा."

बिनतारींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्याही डोक्यात उजेड पडला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

खुंट्या नवीन बसवल्या तेव्हा घरातली माणसं शेतात गेली की दिवसभर घंटा बडवायची. वैतागून मेजरनी एके दिवशी सगळ्यांना अनवाणी खुंट्यांपुढून चालायला लावलं होतं. यंत्रानं एकेकाची चाल शिकून घेतली, आणि त्या चालींची यादी झाली, 'घरची पावलं'. यादीतलं पाऊल पडलं की यंत्र ऐकतं, पण घंटा वाजवत नाही. जाऊबाईंची चाल यंत्रानं आधी वासराची म्हणून नोंदवली होती, त्याचा राग त्यांच्या नाकावर अजून होता. त्या दिवशी घरातले सगळे होते. रजेवर आलेला मधलासुद्धा.

म्हणजे आलेला माणूस घरचा होता. या खोलीतला, नाहीतर तो.

"चारच दिवसांची मिळतील," बिनतारी म्हणाले. "त्याआधीची यंत्र ठेवत नाही."

पडद्यावर पावलं उमटू लागली. घेवडा, बांध, विहीर, गोठा, आणि आज सकाळची, घरातून इथवरची. एक पाऊल पूर्ण, एक फरफटत. डावं फरफटत.

सगळ्यांचे डोळे हळूहळू कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेले, जाड कोटाकडे, आणि डाव्या पायाकडे, जो गोळी लागल्यापासून कधीच नीट उचलला गेला नव्हता.

मेजरनी कोटाची बटणं सोडली. बंडीच्या आत, काखेशी, फडक्यानं बांधलेली खुंटी होती. नवी कोरी. त्यांनी ती सोडवून टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यातून खरोखर वाफ निघाल्यासारखं वाटलं, इतकी खोली गार होती.

"मेजर!" थोरला एवढंच म्हणू शकला.

एकदा कारखान्यात उशिरा येणाऱ्या मित्रासाठी एकानं 'हजर' असं ओरडून दिलं होतं. मेजरबरोबर युद्धात असलेला माणूस, पण मेजरनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. खोटी हजेरी म्हणजे मेलेल्याच्या नावानं पाणी पिणं, असं ते म्हणाले होते. तो माणूस पुन्हा कधी आला नाही.

"नव्या खुंटीला सतरा नंबर दिला," मेजर म्हणाले. आवाज स्वच्छ होता, चौकशीपुढे उभं राहिल्यासारखा. "रोज बाराला ठरल्या जागी उभा राहायचो. एका दिवसात इतकं चालवत नाही आता. आज त्याला घरी पोचवायचं होतं."

"आणि मी?" मधली म्हणाली.

तिचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता.

"मी कुठे पोचायचं, मेजर? सहा वर्षं मी या वहीत लिहितेय. तुम्ही नियम केलात, मी पाळला. एक दिवस चुकवला नाही, ताप असताना नाही. मी मनातून म्हणायची, आज उत्तर नको येऊ दे. ऐकताय ना तुम्ही? बायको असून म्हणायची. आणि मग स्वतःचं तोंड बघवत नसे मला. चार रात्री मी अंथरुणात बसून काढल्यात. मला वाटलं तो माझ्यावर चिडून येतोय!"

मेजरनी मान खाली घातली. "तुझ्या आड येतोय हे कळत होतं, सूनबाई. रोज कळत होतं. पण सही करायची म्हटल्यावर हात उचलेना. माझ्या हातानं त्याला..."

नणंद दाराशीच रडू लागली. थोरला मात्र तापला. भीती गेली की माणसाला राग बरा सुचतो. "अकरा दिवस! अकरा दिवस अख्ख्या घराला वेठीला धरलंत तुम्ही!"

"चार," मेजर म्हणाले.

"काय चार?"

"चार दिवस मी. त्याआधीचे सात मी नाही."

त्यांनी काठीनं खुर्चीखालची पिशवी पुढे ढकलली. बिनतारींनी ती उघडली आणि आतली वस्तू टेबलावर, नव्या खुंटीच्या शेजारी ठेवली. गंजलेली, मधोमध फुटलेली नळी. आत गाळ सुकून दगड झाला होता आणि त्यातून केसांसारखी मुळं बाहेर आली होती. डोक्यावर खिळ्यानं कोरलेलं सतरा. अक्षर मधल्याचं होतं. मधलीनं ते ओळखलं.

"सात दिवस तो नदीकाठून बोलत होता," मेजर म्हणाले. "सातव्या दिवशी दुपारी मी सुरुंग शोधायचं जुनं यंत्र घेऊन गेलो आणि खणली. अशी निघाली. ही उद्या बोलणार नाही हे दिसत होतं. म्हणून नवी केली."

बिनतारींनी ती उलटसुलट करून पाहिली. बॅटरीच्या जागी मुळांचा गोळा होता. त्यांनी नखानं तो टोकरला आणि हात मागे घेतला.

"ही सहा वर्षांपूर्वीच मेलीय," ते म्हणाले. "ही बोलूच शकत नाही."

"पण बोलली," मेजर म्हणाले. "वहीत आहे. सूनबाईच्या अक्षरात."

शेतात एक झडप उघडली आणि मिटली. मग मधलीनं नव्या खुंटीची बॅटरी स्वतः काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. जुनी तिनं वहीशेजारी ओढून घेतली.

"पुकारा, काका," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे."

"मी पुकारतो," मेजर म्हणाले, आणि काठी टेकून उभे राहिले.

"सतरा. मधला."

दहा आकडे. कुणीतरी श्वास घ्यायचं विसरलं होतं, मग एकदम घेतला.

"सतरा. मधला."

दहा आकडे. जाऊबाईंनी डोळे मिटले होते. धुकं विरळ होत होतं आणि घेवड्याच्या पहिल्या ओळी दिसू लागल्या होत्या. ओळींत कुणी नव्हतं.

"सतरा," मेजर तिसऱ्यांदा म्हणाले, आणि या वेळी त्यांनी नंबरापुढे घरात कधीकाळी हाक मारायचे तसं म्हटलं, "मधल्या रे."

दहा आकडे. काही नाही. यंत्राचा हिरवा दिवा स्थिर होता.

"अजून एकदा," मधली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिलाही आपण काय बोललो ते नंतर कळलं. ज्या शांततेसाठी सहा वर्षं तिनं चोरून प्रार्थना केली होती ती समोर बसली होती, आणि तिला ती सोसवत नव्हती.

मेजरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तीनच, पोरी," ते म्हणाले. "नियम आहे." फुटकी खुंटी त्यांनी उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "मी डोळ्यांनी पाहिलीय. खोड नाव."

तिनं पट्टी घेतली आणि सतरा नंबरवर रेघ मारली. रेघ सरळ आली. थोरल्यानं उद्याचा कागद टेबलावर पसरला. आधी मेजरनी सही केली, मग थोरल्यानं, मग डोळे पुसत पुसत नणंदेनं, मग एकेक करून बाकीच्यांनी.

बिनतारींनी घसा साफ केला. "एक राहिलं," ते म्हणाले. "वहीत नाव खोडलं की घरच्या पावलांतूनही काढायचं असतं. नियमच आहे तो." ते मधलीकडे न बघता बोलत होते. "काढलं की मग... ती चाल परक्याची."

"म्हणजे तो आला तर घंटा वाजेल," नणंद म्हणाली. "चोर आल्यासारखी. माझ्या भावासाठी."

मधलीचं बोट कळेवर होतं. एवढं सगळं करून झाल्यावर इथे ते अडलं. सही ही सही असते, पण ही चाल होती. उजवं पाऊल जरासं बाहेर टाकून चालायचा तो, दारात यायच्या आधी तिला ओळखू यायचं.

"काढ," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मांडीवरची शेंगांची टोपली त्यांनी खाली ठेवली.

"काढ गं. नऊ वर्षं तो यादीत आहे. इतक्या वर्षांत तो कितीदा आला असेल, शेतातून फिरून, दारापर्यंत येऊन परत गेला असेल, तर आपल्याला कुठे कळलं असतं? घंटा कुठे वाजली असती?"

त्यांनी पदरानं हात पुसले.

"आता कळेल," त्या म्हणाल्या.

मधलीनं कळ दाबली. यादीतून एक ओळ गेली आणि खालच्या ओळी वर सरकल्या. धुकं पूर्ण उठलं होतं, घेवडा उन्हात न्हात होता, आणि घरातली सातही माणसं दारावरच्या घंटेकडे बघत तशीच बसून राहिली.